दोरा नाही, तर औषध नाही

…नाही गं रजनी, तिथं 'स्वच्छता' असं लिहू नको. बाटल्या धुतल्या, एवढंच लिही. स्वच्छता म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी चांगलं झालं.

बरं, पहिल्यापासून घे. वही नीट धर. अक्षर मोठं काढ, नाहीतर मागून तुझं तुलाच लागत नाही. तुमच्या मंडळाच्या अंकाला जुन्या हैदराबादचं माणूस पाहिजे म्हणालीस ना? मग कुणी आपल्या वकील आजोबांवर लिहील, कुणी मास्तरांवर, कुणाचा पणजा कुठल्या कचेरीत काय होता त्याच्यावर. मी भामामावशीवर सांगते. तिच्यावर कुणी लिहायचं नाही. तिनं तरी कुठं वाचलं असतं म्हणा. ती अंगठा, मी अंगठा. आमचं जमलं ते त्याच्यावरच.

हैदराबादच्या कोठी भागात तेव्हा प्रतापराव डॉक्टरांचा दवाखाना होता. खाली आठ खाटा, वर डॉक्टरांचं बिऱ्हाड, मागं अंगणात दोन खोल्या. एकीत मी आणि तुझे आजोबा, दुसरीत भामा आणि तिची लेक शांता, सहा वर्षांची. दारावर पाटी होती, नर्सिंग होम. भामानं विचारलं, "म्हंजे काय हो साहेब?" डॉक्टर म्हणाले, "जिथं घरच्यासारखी काळजी घेतात ते." ती म्हणाली, "मग ह्यांना घरून आणलं कशाला?"

आठही खाटांवर म्हातारी माणसं. कुणाचा लेक मोठ्या हुद्द्यावर, कुणाची सून नाजूक. महिने महिने राहायची. मी त्यांचं पथ्याचं रांधायची, मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण. भामा आया. अंग पुसायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं. नवरा गेलेला. परभणीकडचं तिचं गाव निजामाच्या त्या शेवटच्या, गडबडीच्या वर्षात अर्धं जळालं, अर्धं उठून गेलं. कोठीतली ती एक खोली सोडली तर तिला आणि शांताला जायला जागा नव्हती. हे मनात ठेव, पुढं लागेल.

औषध द्यायचं काम तिचं नव्हतं. ते प्रभाकरचं. प्रभाकर म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचा भाऊ, कंपौंडर. उर्दू शिकलेला, अक्षर असं की मोत्याची लड. प्रत्येक बाटलीवर कागद लावायचा, त्याच्यावर औषधाचं नाव, माणसाचं नाव. बाटलीच्या अंगावर आणखी एक उभी पट्टी, कडेनं करवतीसारखी कातरलेली. एक दात म्हणजे एक डोस. बाटल्या तेव्हा लोक घरूनच आणायचे, सरबताची, तेलाची, मिळेल ती. कपाटाला काच, काचेला कुलूप, किल्ली प्रभाकरच्या करगोट्याला. पाहुणा आला की आधी कपाट दाखवायचा, मग पाणी विचारायचा.

फक्त एवढंच, की डोस द्यायच्या वेळेला तो नसायचा. इराण्याच्या हॉटेलात त्याचं राज्य चालायचं. निजाम राहणार का जाणार, दिल्ली काय करणार, हे सगळं तिथं बसून प्रभाकर ठरवायचा. जाताना किल्ली भामाकडं फेकायचा. "भामाबाई, नावं वाचून द्या बरं."

वाचून! भामाला!

ती कधी म्हटली नाही की मला वाचता येत नाही, आणि त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाच थांबावं लागलं असतं ना.

मग तिनं काय केलं, ऐक. पहिल्याच आठवड्यात त्याला म्हणाली, "प्रभाकरभाऊ, तुमचं अक्षर लई सुंदर म्हणतात. जरा वाचून तरी दाखवा की. मला ऐकायला बरं वाटतंय." तो फुलला. एकेक बाटली काढून सगळं वाचून दाखवलं, काय आहे, कुणाचं आहे, कधी द्यायचं. ही मान हलवत ऐकत बसली आणि मांडीवर दोरे वळत गेली. गावाकडं बियाणं मडक्यात ठेवतात, तेव्हा तिची आई मडक्याच्या गळ्याला दोरा बांधायची. ह्यात करडई, ह्यात जवस, आणि उंदराचं औषध लावलेल्याला गुंज. तेच तिनं इथं केलं. पोटात घ्यायच्या औषधाला काळा दोरा. जितक्या वेळा द्यायचं तितक्या गाठी. दोऱ्याला त्या माणसाची खूण, सत्यवतीबाईंच्या छातीच्या थेंबांना कवडी, नामदेवरावांच्या औषधाला त्यांच्याच कोटाचं बटण. अंगाला चोळायचं असेल त्याला लाल दोरा आणि गुंज. आणि पोटातलं वरच्या फळीवर, अंगावरचं सगळ्यात खाली. "खालचं वर जायचं नाही, इंदे," मला सांगायची. "चप्पल कधी देव्हाऱ्यात ठेवतेस का?"

गंमत काय झाली, की म्हाताऱ्यांनाही दोरे पाठ झाले. त्यांना कुठं दिसायचा कागद? भामा बाटली घेऊन आली की आधी त्यांचं बोट दोऱ्यावर जायचं. सत्यवतीबाई कवडी चाचपायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. नामदेवराव जुने वकील, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते बटण चाचपून म्हणायचे, "हौ, माझंच. वरून दुसरं बटण." मागं खुंटीवरच्या त्या कोटाला कायम एक बटण कमी.

प्रभाकरला दोरे दिसायचे. तो म्हणायचा, "दृष्ट काढलीय का बाटल्यांची?" आणि हसायचा. त्याला वाटलं, अडाणी बाईचा काही नवस असेल.

मग अठ्ठेचाळीसात पोलिस ॲक्शन झाली, दिल्लीचं सैन्य आत आलं. पाच दिवसांत आटोपलं. गावोगाव काय काय झालं, दोन्हीकडच्या माणसांचं, ते मी आज सांगत नाही, त्याला वेगळी वही पाहिजे. आमच्या दवाखान्यात एवढंच झालं, की प्रभाकरचं हॉटेल आठ दिवस बंद राहिलं आणि तो कामावर आला.

आणि एकदम बातमी आली, नव्या सरकारचे कुणी साहेब खासगी दवाखाने बघत फिरतायत. आपल्याकडंही येणार. डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "परवापर्यंत सगळं लख्ख पाहिजे. कपाटसुद्धा." प्रभाकर म्हणाला, "मी तर लेबलंच बदलणार. आता नवं राज, सगळी इंग्रजीत लिहितो." लिहितो म्हणाला.

तिकडं पितृपंधरवडा संपत आलता. घट बसायला चार दिवस. म्हणजे आमच्याकडं दसरा काढायची वेळ. तुला ठाऊक नाही दसरा काढणं. आता तुम्ही मशीन लावता. तेव्हा घट बसायच्या आधी घरातली एकूण एक गोष्ट धुवायची. गोधड्या, पाट, डबे, फडताळं, सगळं. न धुतलेलं काही घरात ठेवून देवी बसवायची नाही. भामाच्या अंगात तर त्या दिवसांत वारंच यायचं. डॉक्टरांचा हुकूम आणि देवीचा हुकूम एकाच दिवशी आला. मग काय विचारतेस.

सकाळी भामा आठ गाद्या घेऊन गच्चीवर गेली. मला म्हणाली, "इंदे, कपाट तू काढ. मला आज खाली यायला व्हायचं नाही." मी किल्ली घ्यायला गेले तर कपाट उघडंच. प्रभाकर हातात कात्री घेऊन उभा. एकेका बाटलीचा गळा धरून कच, कच, दोरे कापत होता. खाली फरशीवर कवड्या, बटणं, गाठींचे दोरे, सगळा सडा. मला म्हणाला, "साहेब येणार. त्यांनी हे बघितलं तर म्हणतील, दवाखाना आहे का भगताचं घर?" झालं. त्याची स्वच्छता झाली. कात्री ठेवली, केस विंचरले आणि हॉटेल उघडलं का बघायला गेला.

मी तो सडा झाडला. झाडताना एक लाल दोरा दिसला, गुंज बांधलेला. गुंज किती छान असते, लाल आणि वर काळा टिळा. माझं पोट तेव्हा पाच महिन्यांचं, तुझा बाप. म्हटलं, बाळाच्या मनगटाला होईल. पदराच्या गाठीत बांधून टाकला.

मग बाटल्या अंगणात नेल्या. तेवीस होत्या. घंगाळात राखेचं पाणी केलं आणि बुडवल्या. बुचं घट्ट होती, आतलं औषध काही गेलं नाही. पण कागद सुटायला लागले. आधी कोपरे, मग सगळेच. प्रभाकरचे मोती पाण्यावर तरंगायला लागले. मी घाबरले. वर बघून ओरडले, "मावशी, कागद निघायलेत गं!"

गच्चीवरून आवाज आला, गादी बडवता बडवता. "निघू दे! मळले होते तसे. माझे दोरे हायेत की!"

रजनी, तेव्हा माझ्या पदरात तो दोरा होता. मी म्हणायला पाहिजे होतं, मावशी, दोरे नाहीत. नाही म्हटलं. का? खरं सांगू? मला वाटलं, म्हटलं तर गुंज परत द्यावी लागेल. आणि वाटलं, बांधेल की ती नवे, तिला काय, मांडीवर वळते. एकोणीस वर्षांची होते मी. अक्कल नंतर येते.

बाटल्या वाळवल्या, पुसल्या, आरशासारख्या झाल्या. मग कपाटात लावल्या. कशा लावल्या ठाऊक आहे? उंचीनं. शाळेतली पोरं उभी करतात तशा. उंच मागं, बुटक्या पुढं. इतकं सुंदर कपाट मी जन्मात बघितलं नव्हतं. कुठल्या बाटलीत काय आहे ते देवालाच ठाऊक.

दिवे लागायच्या वेळेला भामा खाली आली. सत्यवतीबाईंच्या थेंबांची वेळ. त्यांचं हृदय अशक्त, पाय सुजायचे, ते थेंब चुकले तर धाप लागायची. भामानं सवयीनं कपाटात हात घातला, न बघता, गळ्यावर बोट फिरवलं. दुसऱ्या बाटलीवर फिरवलं. तिसऱ्या. मग वळून बघितलं.

प्रभाकर तेवढ्यात आला, पान खात.

"प्रभाकरभाऊ, दोरे?"

"कापले. कशाला पाहिजेत? लेबल आहे ना." मग त्यानं कपाट बघितलं. "लेबलं?"

"धुतली. कशाला पाहिजेत? दोरे होते ना."

मी चुलीपाशी उभी. वरण उतू गेलं तरी हलले नाही.

प्रभाकर लवकर सावरला. शिकलेली माणसं लवकर सावरतात. पुढच्या रांगेतली एक चपटी बाटली उचलली. "हेच थेंब. मीच भरलेत."

भामानं शेजारची उचलली. तशीच चपटी, एकाच सरबताची, आत तसंच तपकिरी. "मग हे काय?"

"ते… गुडघ्याला चोळायचं."

"का हे थेंब आणि ते चोळायचं?"

"भामाबाई, मी कंपौंडर आहे का तू?"

"तुम्हीच. म्हणून आधी तुम्ही एक चमचा प्या."

प्रभाकरनं बाटलीकडं बघितलं. बाटलीनं प्रभाकरकडं बघितलं. पान गिळलं त्यानं, पण चमचा काही घेतला नाही. ते चोळायचं औषध पोटात गेलं तर धडधाकट माणूस आडवा व्हायचा, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

नेमका त्याच वेळेला सत्यवतीबाईंचा मुलगा आला, लक्ष्मणराव, सरकारात मोठा. महिन्यातून एकदा यायचा, सीताफळं घेऊन, आणि आईला सीताफळं चालायची नाहीत. त्यानं ऐकलं, आईला अजून औषध नाही. झाला सुरू. "परेशान करून ठेवलंय नुसतं! एक बाई औषध अडवते म्हणजे काय? द्या ते!"

प्रभाकरला हुरूप आला. चमचा घेतला. आणि भामानं काय केलं, कपाटाची काच लावली, कुलूप घातलं, किल्ली चोळीत टाकली आणि कपाटाला पाठ लावून खाली बसली. मांडी घालून.

"डॉक्टरसाहेब येईपर्यंत ह्यातलं काही कुणाच्या पोटात जायचं नाही."

"तुला ठाऊक आहे का कुठलं काय ते?" लक्ष्मणराव.

"नाही."

"मग?"

"ठाऊक नाही म्हणूनच बसले. ठाऊक असतं तर दिलं असतं."

सत्यवतीबाई खाटेवरून म्हणाल्या, "अगं, मी वास घेऊन सांगते की."

भामा म्हणाली, "आई, वासावर आमटीत मीठ टाकतात. हे औषध आहे." मग उठून त्यांच्या पाठीमागं दोन तक्के लावले, पाय खाली सोडून बसवलं, पंखा शांताच्या हातात दिला आणि परत कपाटाला टेकून बसली. लक्ष्मणराव बोलत होते, प्रभाकर बोलत होता, सत्यवतीबाईंना हळूहळू धाप लागायला लागलती. भामाचे ओठ पांढरे पडले होते. तिलाही दिसत होतं ना. थेंब नाही दिले तर म्हातारी जाईल का, आणि दिले तर जाईल का. पण ती उठली नाही.

डॉक्टर आले. दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. बुच काढून वास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतोय. एवढे शिकलेले डॉक्टर, म्हणाले, "मलाही सांगता येत नाही." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर मानलं. कर्फ्यू लागायला अर्धा तास होता. स्वतः रिक्षात बसून गेले, ओळखीच्या औषधवाल्याला दुकान उघडायला लावून नवे थेंब आणि आणखी तीन निकडीची औषधं घेऊन आले. सत्यवतीबाईंना दीड तास उशिरा मिळाले. थोड्या वेळानं धाप बसली. त्यांनी लेकाला विचारलं, "सीताफळं कुठंयत?"

तेवीसच्या तेवीस बाटल्या डॉक्टरांनी मोरीत ओतल्या. मग विचारलं, "कुणी धुतल्या?"

मी वळून चुलीतलं लाकूड पुढं सारलं. भामा म्हणाली, "मी."

नंतर अंगणात मी तिला म्हटलं, मावशी, असं का? ती म्हणाली, "तुझं पोट दिसायला लागलंय. तुझ्या नवऱ्याला अजून नोकरी नाही. मला काय, म्हातारी माणसं कुठंही असतातच."

कुणाला तरी काढायला पाहिजे होतं. लक्ष्मणराव समोर उभे होते. प्रभाकरला काढलं असतं तर डॉक्टरांना वर जेवण कुणी वाढलं असतं? म्हणून भामाला काढलं. जिनं चुकीचं औषध दिलं नाही तिला, औषधं नीट ठेवता येत नाहीत म्हणून. सकाळी एक गाठोडं, एक शांता, आणि अंबरपेठेला कुणा लांबच्या दिराच्या गोठ्यात गेली.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. आणि आमचं कपाट भरलेलं! प्रभाकरनं पहाटे उठून बाटल्या भरल्या. डॉक्टरांनी आणलेली नवी औषधं, थेंबांसकट, चार. बाकीच्या एकोणीस बाटल्यांत गंडीपेटचं, म्हणजे त्या तलावातून नळाला येतं ते पाणी, कशात हळदीचा थेंब, कशात चहाचा. आणि वर लेबलं, इंग्रजीत, एकसारखी. डॉक्टरांना पत्ता नाही, त्यांना वाटलं, मेव्हण्यानं रात्रीत कुठून तरी आणली. साहेबांनी काच उघडून बघितलं, खूश झाले. वहीत काहीतरी छान लिहिलं. पाठ थोपटली प्रभाकरची. गंडीपेटचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही म्हणतात, त्या हिशोबानं तेही औषधच म्हणायचं.

साहेब गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रभाकरनं स्वतः औषध द्यायला घेतलं. नामदेवरावांकडं गेला. त्यांनी हात पुढं केला, बाटलीचा गळा चाचपला. तोंड मिटलं.

"बटण कुठंय?"

"काका, लेबल आहे ना. इंग्रजीत."

"मला लेबल दिसत नाही. मला बटण दिसतं." बोट वर केलं त्यांनी. "ह्याला."

"काका, तुम्ही एवढे शिकलेले!"

"म्हणून तर. चाळीस वर्षं कोर्टात कागद बघितलेत मी. कागदावर काय वाटेल ते लिहिता येतं."

पुढची खाट, तोंड बंद. त्याच्या पुढची, बंद. आठ म्हातारे, एकालाही धड चालता येत नव्हतं, आणि संप! "दोरा नाही, तर औषध नाही." सत्यवतीबाईंनी नाइलाजानं तोंड उघडलं, कारण त्यांचे थेंब नवे होते हे त्यांनी स्वतः बघितलं होतं. प्रभाकरनं पाजलं. त्यांनी जिभेवर घोळवलं. म्हणाल्या, "अगं बाई! हे तर गोड लागतंय." मग डॉक्टरांना हाक मारली. "प्रतापराव, हे औषध नाही. गंडीपेट आहे."

प्रभाकर स्वतःच्याच लेबलाला फसला. घाईत खऱ्या थेंबांचं नाव दोन बाटल्यांवर लिहिलं होतं त्यानं.

डॉक्टरांनी चमचाभर चाखलं. मग दुसऱ्या बाटलीतलं चाखलं. तिसऱ्या. वर गेले आणि त्या दिवशी वरून भांड्यांचे आवाज फार आले.

खरी औषधं आणली, खरी लेबलं लागली. पण म्हातारे ऐकेनात. डॉक्टर स्वतः खाटेजवळ बसून, प्रत्येकाला समजावून पाजायचे. आठ म्हातारे, दिवसातनं तीन वेळा. बाहेरचे पेशंट ताटकळायचे. दहा-बारा दिवसांत डॉक्टर अर्धे झाले. पण भामाला परत बोलवायचं म्हणजे चूक झाली म्हणायला पाहिजे. आणि डॉक्टरानं ते एका आयाबाईला कसं म्हणायचं?

दसरा आला म्हणून बरं. दसऱ्याला आपल्यात काय, सोनं द्यायचं, मग मागचं काही काढायचं नाही. इकडचे तेलुगू लोक जम्मीची, म्हणजे शमीची पानं देतात, आपण आपट्याची. डॉक्टरांनी मला बरोबर घेतलं, रिक्षा केली आणि अंबरपेठेला त्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. भामा शेण काढत होती. हात धुऊन आली. डॉक्टरांनी पान पुढं केलं. "सोनं घ्या भामाबाई. सोन्यासारखं राहा."

तिनं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. डॉक्टर वाट बघत उभे. ती पण उभी. म्हैस रवंथ करत होती.

मग भामा म्हणाली, "सोनं घेतलं साहेब. आता कपाटाची किल्ली द्या."

दिली. खिशातच होती. प्रभाकरच्या करगोट्याची त्यांनी आधीच सोडवून आणली होती.

ती आली ती अट घालून. कागदही राहील, दोराही राहील. कागद काढायचा तर दोरेवालीला विचारायचं, दोरा काढायचा तर कागदवाल्याला. दोघांतलं एक जरी गेलं तर बाटली कपाटाबाहेर. आणि कपाट उंचीनं लावायचं नाही. हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं ती तिथं बावीस वर्षं होती. प्रभाकरला दोनच वर्षांत कुठंतरी दवाखाने तपासायची नोकरी लागली. चांगली केली म्हणतात. कुठं काय लपवलेलं असतं ते त्याला बरोबर समजायचं.

आता का सांगते, ते लिही. पन्नास वर्षं झाली. पण ही गोष्ट लोक सांगतात कशी? 'भामानं दसरा काढता काढता औषधं धुतली.' लग्नात सांगतात, बारशात सांगतात, हसतात. मीही हसायची त्यांच्यात. गेल्या महिन्यात शांता आलती विद्यानगरहून. तिच्या बीपीच्या गोळ्यांच्या डबीला काळा दोरा, दोन गाठी. तुझी आई हसली, म्हणाली, "शांतामावशी, धुऊ नका हं एवढी." शांता पण हसली. मग खाली बघून म्हणाली, "काय करणार, आमच्या आईची चूकच तशी होती."

मी तिथं बसले होते. माझं तोंड परत तसंच मिटलं, चुलीपाशी मिटलं होतं तसं.

म्हणून हे छापून येऊ दे. शांताला दिसतंय कमी, ती अंक घेते पण वाचत नाही. तेव्हा वाचणाऱ्या बाबा, ताई, जे कोण असाल, तुमच्यातलं कुणी विद्यानगरकडं जात असेल तर शांताकडं जा. सत्यवतीबाईंच्या कवडीची गोष्ट सांगणारी शांता म्हटलं की गल्लीत कुणीही घर दाखवील. तिला सांगा, बाटल्या इंदूनं धुतल्या. दोरे कापलेले इंदूला ठाऊक होते. तिच्या आईनं एकच गोष्ट केली, ती म्हणजे कपाटाला पाठ लावून बसली. आणि जाताना आमच्याकडून होऊन जा. एक लाल दोरा द्यायचा आहे, गुंज बांधलेला. तो तिच्या हातात द्या. पोटात घ्यायचा नाही म्हणावं, तिला कळेल.